फुकटच्या सॉफ्टवेअरची सावड

सेजल दुपारी झोपते ती साधारण पन्नास मिनिटं. त्यातली सात तिच्या मुठीतून माझी ओढणी सोडवण्यात जातात. उरलेल्या त्रेचाळीस मिनिटांत मी एम.ई. केलं. हे फुशारकी म्हणून सांगत नाही, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहा, फुशारकी म्हणूनच सांगते आहे. ‘बाळंतपण आणि प्रबंध एका वेळी होत नसतात, मॅडम,’ हे वाक्य आमच्या विभागप्रमुखांनी स्टाफरूममध्ये चहा ढवळत तिघांच्या देखत म्हटलं होतं. त्यातल्या दोघांनी मान डोलावली. तिसरी मी.

महाडच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे परीक्षेच्या सुपरव्हिजनला आपलं नाव सर्वांत आधी आणि बसायला खुर्ची सर्वांत शेवटी. पूर्णवेळ जागा निघणार होती, तिला एम.ई. लागत होतं आणि माझ्या एम.ई.च्या नोंदणीची मुदत २००६च्या डिसेंबरअखेर संपत होती. तोवर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, जागा दुसऱ्याला आणि मी जन्मभर दाराजवळच्या स्टुलावर.

प्रबंधाचा विषय मी घरातलाच घेतला. माझं सासर कुडपणच्या अंगाला डोंगरातली एक वाडी. वर झरा, झऱ्यापासून पीव्हीसीचा पाइप, पुढे त्याचे दोन फाटे, दोन वाड्यांना. खालच्या वाडीच्या नळावर हंडा एका मिनिटात भरतो. वरच्या वाडीच्या, म्हणजे आमच्या, नळावर त्याच हंड्याला अकरा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात बायका गावातल्या सगळ्या सुनांचा हिशेब पुरा करतात, त्यामुळे हा प्रश्न मला व्यक्तिशः जिव्हाळ्याचा होता. असं का होतं, ते गणिताने शोधायचं.

मोजमाप सासऱ्यांनी केलं. सहदेव अण्णांनी वयाची वीस वर्षं मुंबईत गवंडीकाम केलेलं. मी दिलेली टेप आणि पातळी बघायची गवंड्यांची ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन ते सहा दिवस डोंगर उतरत राहिले आणि शंभरपानी वहीत प्रत्येक टप्प्याची लांबी, उंची लिहून त्यांनी वही एसटीच्या कंडक्टरच्या हाती महाडला धाडली. वही इतकी सुबक की माझ्या विद्यार्थ्यांना दाखवावी. फक्त एका पानावर एक ओळ मोकळी होती आणि तिच्यावर केशरी बोट उमटलं होतं. मी सेजलचा हात बघितला. बोटांना लाल भोपळ्याचा लगदा. तिला रागावले, ती ओळ गाळली आणि बाकीचे आकडे संगणकात भरले, कारण संगणकाला मोकळी ओळ चालत नाही. ही ओळ लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

आता ही समीकरणं सोडवणार कशावर? हाताने सोडवली असती तर सेजलच्या लग्नापर्यंत निम्मी झाली असती. अशा गणितांसाठी एक नामांकित सॉफ्टवेअर असतं. ते आमच्या कॉलेजात होतं. म्हणजे देवघरात सोन्याची मूर्ती असते तसं होतं. विभागप्रमुखांच्या केबिनमधल्या एकाच संगणकावर चालायचं आणि तेही मागे अंगठ्याएवढं एक कुलूप खोचलं तरच. ते कुलूप कपाटात, कपाटाची किल्ली प्रमुखांच्या खिशात आणि प्रमुख दर शुक्रवारी दुपारी पुण्याला.

मी परवानगीचा अर्ज केला.

“तासिकावाल्यांना नियमात बसत नाही, मॅडम,” प्रमुख म्हणाले. “पण एवढं मनावर काय घेता? कॉपी केलेली सीडी कुणाकडेही मिळेल. फॉर्मवर आपल्या कॉलेजचा परवाना क्रमांक टाका. सगळे टाकतात. मी सही करतो.”

“सर, ते खोटं होईल.”

“खोटं कसलं? नंबर खरा आहे.”

यावर काय बोलायचं ते मला घरी पोचल्यावर सुचलं. माझं नेहमीच तसं होतं.

घरी सांगितलं तर दीपेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एमआयडीसीतल्या ड्युटीचे बूट काढता काढता प्रमुखांचीच बाजू घेतली. “घे ना कॉपी. कंपनीत आमच्याकडे सगळं कॉपीच आहे.” मग माझा चेहरा बघून बूट परत घालून दूध आणायला गेला. दूध घरात होतं.

जात्याच मी काही सत्यवचनी नाही. बसमध्ये सेजलचं वय मी अजून कमीच सांगते. पण ज्या माणसाने मला तिघांच्या देखत प्रबंध जमणार नाही म्हटलं, त्याच्याच नंबरावर प्रबंध द्यायचा, हे माझ्या घशाखाली उतरेना. मग एका जुन्या मैत्रिणीने पत्रात ऑक्टेव्हचं नाव कळवलं. तीच गणितं करणारं, कुणालाही मोफत, आतली सगळी रचना उघडी, हवं तर वाचा, हवं तर बदला, हवं त्याला द्या.

“फुकट?” शेजारच्या सुरेखावहिनी कोथिंबीर निवडत म्हणाल्या. “आपली भांडीवाली स्टीलचा डबा देते, तर आधी तीन साड्या घेते. हे लोक काय घेतात?”

“काही नाही.”

“मग नक्की काहीतरी घेतात.” आणि आमच्या घरी सांभाळायला ठेवलेला आपला दागिन्यांचा डबा त्या परत घेऊन गेल्या.

ऑक्टेव्ह उतरवून घ्यायला मी भागोजींच्या सायबर कॅफेत गेले. एसटी स्टँडाजवळचा त्यांचा एसटीडी बूथ. फोनच्या केबिनची काच काढून त्यांनी तिथे संगणक बसवला होता, आतला पंखा मात्र तसाच. दार उघडं राहिलं की थांबायचा. फाईल तीस-पस्तीस एमबीची. फोनच्या लाइनवर दोन तास. पहिल्या दिवशी तासाभराने भारनियमन. दुसऱ्या दिवशी भारनियमन अर्धा तास आधी. तिसऱ्या दिवशी मी वेळापत्रक बघून बसले, सेजलला मांडीवर घेतलं, आणि आम्ही दोघी ती निळी पट्टी सरकताना बघत राहिलो. एक्क्याण्णव टक्के झाले. सेजलने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पोलादपूरकडचे एक म्हातारबाबा घाईघाईने आत आले.

“भागोजी, पोराला मुंबयला फोन लाव रे. मखराचा थर्माकोल आन म्हनावं, लाल नको, गेल्या टायमाला लाल आनलान.”

गणपतीला दहा दिवस होते. भागोजींनी सवयीने रिसीव्हर उचलला. निळी पट्टी थांबली, मग नाहीशी झाली.

“गेलं?” भागोजींनी विचारलं.

“गेलं.”

“थर्माकोल तरी पांढरा येईल,” ते म्हणाले, आणि त्या दिवसाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी रिसीव्हर गाठोड्यात बांधून ठेवला, बाहेर ‘लाइन नादुरुस्त’ची पाटी लावली आणि सीडी माझ्या हातावर ठेवली ती प्रसादासारखी. मी घरी आले, घरच्या संगणकात सीडी घातली. पडद्यावर एक काळी खिडकी उघडली आणि कोपऱ्यात एक रेघ लुकलुकू लागली. चित्र नाही, बटण नाही.

सुरेखावहिनी बघायला आल्या होत्या. “बिघडलेलं दिलंय,” त्यांनी निकाल दिला.

माझ्या सासूबाई, तुळसा, सेजलला सांभाळायला डोंगरावरून खाली आल्या होत्या. त्या मात्र माझ्यामागे उभ्या राहून पडद्याकडे बघत होत्या. “कोनी क्येलंय गो ह्ये?”

“खूप जणांनी, आई. जगभरातले. एकाने सुरू केलं, मग ज्याला जे येतं ते त्याने घातलं. चुकलं असेल तर दुसरा दुरुस्त करतो.”

“आनि पैशे नाय घेत?”

“नाही.”

“म्हंजे सावड,” आई म्हणाल्या. “लावनीला करतो तशी. आज सगळी माज्या खाचरात, उद्या मी त्यांच्या. त्यात काय येवडं?” आणि मग सुरेखावहिनींकडे वळून, “फुकाट नाय ती. आपली पाळी येती.” पुन्हा माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “तुजी पाळी कदी?”

 चार वर्षं इंजिनिअरिंग आणि दोन वर्षं एम.ई. शिकून जे मला परिच्छेदभर लागत होतं, ते त्यांनी एका शब्दात सांगितलं होतं, आणि वर माझ्यावर कामही टाकलं होतं.

आता कॉलेजचा फॉर्म. ‘वापरलेल्या सॉफ्टवेअरचा तपशील’ या रकान्यात तीन गोष्टी होत्या: खरेदी पावती, परवाना क्रमांक, पुरवठादाराचा शिक्का. ऑफिसातल्या जानकीबाई हे फॉर्म घेतात. त्यांनी आजवर एकही रिकामा रकाना पुढे जाऊ दिलेला नाही. पावसाने छप्पर गळलं तेव्हा त्यांनी बादलीचीही मागणी तीन प्रतींत लिहून घेतली होती.

“पावती?”

“नाही. विकत घेतलेलं नाही.”

“मग परवाना कसला?”

“परवाना आहे. हा घ्या.” मी तो सगळा परवाना छापून नेला होता, नऊ पानं.

जानकीबाईंनी चष्मा पुसला. “इथे वर्षाला चाळीस प्रबंध येतात, बाई. परवाना कुणी आणून दाखवला नाही. नुसते नंबर आणतात.” त्यांनी तो दोन दिवस ठेवून घेतला आणि खरंच वाचला, शब्दकोश घेऊन. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. “यात लिहिलंय की हे कुणालाही द्या, पण ज्याला द्याल त्यालाही पुढे देण्याची मोकळीक द्या. अडवायचं नाही.”

“हो.”

“या ऑफिसात असला कागद मी पहिल्यांदा बघते,” त्या म्हणाल्या आणि नऊच्या नऊ पानांवर त्यांनी कॉलेजचा गोल शिक्का मारला. पुरवठादाराचा रकाना मात्र राहिलाच. तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘अनेक’.

यानंतर सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. मी त्या काळ्या खिडकीत आकडे भरले. सेजलने मध्येच उठून एकदा एंटर दाबलं, एकदा संगणक बंद केला आणि एकदा कीबोर्डवर पेज सांडली, तरी उत्तर आलं. ऑक्टेव्हच्या मते आमच्या नळावर हंडा दोन मिनिटांत भरायला हवा होता.

भरत होता अकरा मिनिटांत.

ऑक्टोबरमधल्या सेमिनारला मी हे दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले. लपवता आले असते. प्रमुख खुर्चीत मागे रेलले.

“फुकटचं सॉफ्टवेअर, मॅडम. आणखी काय होणार? अजून वेळ गेलेली नाही. नंबर टाका, सीडी घ्या, मी सही करतो.”

“सर, तुमच्या कुलपाच्या मशीनवर हेच आकडे एकदा घालून बघूया. दहा मिनिटं.”

“किल्ली पुण्याला राहिली.”

विद्यार्थी हसले. ते किल्लीला हसले की मला, ते मला अजून कळलेलं नाही. घरी येऊन मी सेजलला मांडीवर घेतलं आणि भिंतीकडे बघत बसले. खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी वाटलं की सुरेखावहिनी म्हणतात तसं असेल. ज्याचे पैसे घेत नाहीत, ते चुकलं तर जाब तरी कुणाला विचारायचा?

पण कुणाला विचारायची गरजच नव्हती, सगळं उघडं होतं. पुढचे पंधरा दिवस दुपारच्या त्रेचाळीस मिनिटांत मी ऑक्टेव्हच्या आत शिरले आणि समीकरणं सोडवणारा भाग ओळ न् ओळ वाचला. एक उदाहरण वहीत हातानेही सोडवलं. चूक सापडली नाही. शेवटी त्यांच्या पत्रांच्या यादीवर, म्हणजे जिथे वापरणारे सगळे एकमेकांना विचारतात तिथे, मी सगळे आकडे लिहून टाकले. दुसऱ्या दिवशी भागोजींच्या कॅफेत उत्तर आलेलं होतं, फिनलंडमधल्या कुणाचं तरी. त्याने माझं गणित स्वतः करून बघितलं होतं, उत्तर तेच. खाली एकच प्रश्न: त्या पाइपाच्या कडेने तू स्वतः चालून बघितलंस का?

मला राग आला. बर्फात बसलेला माणूस मला माझ्या सासरचा डोंगर चढायला सांगत होता. आणि राग आला कारण मी चाललेच नव्हते.

दिवाळी झाली आणि मी, आई आणि सेजल पोलादपूरला एसटीने, तिथून जीपने, पुढे पायी, अशा वर गेलो. अण्णा काठी घेऊन झऱ्यापाशी तयार उभे होते. मी वहीतला एकेक टप्पा बोलायची आणि ते काठीने दाखवायचे. चौदाव्या टप्प्यापाशी देवराई लागली. आमच्या वाडीचा पाइप सरळ झाडीत शिरला होता. अण्णा मात्र कडेने वळसा घालून पलीकडे निघाले.

“अण्णा, हा मधला भाग?”

“त्यो नाय मोजला.”

“का?”

“देवाची जागा हाय ती. तितं टेप लावीत नाय, दोरी बी नाय. जागा मोजली की मानूस मालक होतो.” मग थोडं दुखावून म्हणाले, “मी लबाडी नाय क्येली गो. ओळ मोकळी सोडली हाय. शेंदराचं बोट लावलंय वर. तुला दिसलं नाय?”

दिसलं होतं. मी सेजलकडे बघितलं. ती अण्णांच्या खांद्यावर बसून त्यांची टोपी चावत होती. भोपळ्यावरून तिला रागावले होते, त्याचा तिला पत्ता नव्हता; माझेच कान गरम झाले. सहा दिवस राबून एका माणसाने मला प्रामाणिकपणे सांगितलं होतं की इथलं मला माहीत नाही, आणि माझ्यासारख्या शिकलेल्या बाईने ते पुसून टाकलं होतं.

“आत जाऊ का?”

“पाय धुऊन जा. चपला भायेर.”

टेप अण्णांच्या हाती दिली आणि मी अनवाणी आत गेले. आत उजेड हिरवा होता आणि पाइप पानांखालून जात होता. मोजायला काही नेलं नव्हतं, पण मोजायला बंदी जागेला होती, पाइपाला नव्हती. एक पाइप वीस फुटी. मी सांधे मोजत गेले. तेवीस. आणि मधोमध, बाहेरून दिसतही नव्हता असा एक चढ. पाइप त्याच्यावर चढून पलीकडे उतरत होता. त्याची उंची मी माझ्याच उंचीने काढली: पायथ्याशी ताठ उभं राहायचं, डोळ्यांसमोर चढावर जो दगड येईल तिथे जाऊन पुन्हा ताठ उभं राहायचं. तीन वेळा उभी राहिले आणि चौथ्यांदा माथा कमरेशी आला. बाहेर येताना हात जोडले. चुकून तोंडून इंग्रजीत ‘सॉरी’ निघालं.

त्याच दुपारी, ओसरीत, वहीच्या मागच्या पानावर मी अंदाज बांधला. महाडला आल्यावर ऑक्टेव्हला विचारलं. तेवीस पाइप आणि तो चढ घातल्यावर त्याने सांगितलं की चढाच्या माथ्यावर पाण्याचा दाब जवळजवळ संपतो, तिथे हवा कोंडणार, आणि हंडा साडेदहा मिनिटांत भरणार.

अकराच्या इतकं जवळ मी आयुष्यात कधी गेले नव्हते.

प्रबंध मी अठ्ठावीस डिसेंबरला दिला. परवाना क्रमांकाच्या जागी ‘नऊ पानं सोबत जोडली आहेत’ असं लिहिलं. सहीला गेले तेव्हा प्रमुख म्हणाले, “तोंडी परीक्षेत अडकाल.” म्हटलं, “अडकेन, सर. पण माझ्या नंबरावर.” हे वाक्य मला या वेळी जागच्या जागी सुचलं, याची नोंद व्हावी.

परीक्षक मुंबईहून आले. वीर स्टेशनापासून रिक्षाने त्यांना इतकं उडवलं होतं की खुर्चीत बसतानाही ते खुर्चीचा दांडा धरून होते. बाजूला प्रमुख.

“सॉफ्टवेअर कुठलं?”

“फुकटचं आहे, सर,” प्रमुख तत्परतेने म्हणाले.

“उघडं आहे, सर,” मी म्हटलं. “मी आतून वाचलंय. शंका असेल तर आत्ता उघडून दाखवते.”

परीक्षकांनी पानं उलटली. नऊ शिक्के बघितले. “माझ्याकडे या वर्षी याच भागातले अकरा प्रबंध आले,” ते सावकाश म्हणाले. “अकराही प्रबंधांचा परवाना क्रमांक एकच होता. एका मशीनचा परवाना. मला वाटत होतं ते मशीन फार कामसू असेल.” प्रमुखांनी पंख्याकडे बघितलं. “आणि हे काय? तेवीस पाइपांची लांबी ‘सांधे मोजून’, चढाची उंची ‘उभं राहून’?”

मी देवराईचं सांगितलं. त्यांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं.

“टेप गुपचूप नेता आली असती.”

“आली असती, सर. नंबरही टाकता आला असता.”

त्यांनी दांडा सोडला आणि सही केली. मार्चमध्ये पूर्णवेळ जागेची मुलाखत झाली. माझी खुर्ची आता खिडकीशेजारी आहे.

वाडीवर गुरवाने देवाला कौल लावला, उजवा मिळाला, म्हणजे देवाचा होकार, आणि चढाच्या माथ्यावर हवा सोडायची छोटी तोटी गुरवानेच, अनवाणी, बसवली. आता आमच्या नळावर हंडा तीन मिनिटांत भरतो. बायका त्यामुळे जरा चिंतेत आहेत. बोलायला वेळ पुरत नाही. वर्गात मी साठ सीड्या वाटल्या, प्रमुखांनी कारण विचारलं तेव्हा परवान्याचं तिसरं पान दाखवलं. सुरेखावहिनींनी डबा परत आणून ठेवला आहे.

राहिली माझी पाळी. आई ते विसरल्या नव्हत्या. “त्या मानसानं तुज्या खाचरात येऊन काम क्येलान,” त्या दर आठवड्याला आठवण करायच्या. म्हणून गेल्या महिन्यात मी माझा सगळा प्रोग्रॅम, डोंगरातल्या नळयोजनांचा, नीट करून त्या यादीवर ठेवला. ज्याला हवा त्याने घ्यावा. परवा फिनलंडवाल्याचं पत्र आलं. त्याने तो उतरवून घेतला, चालवून बघितला, उत्तम चालतो म्हणाला. फक्त चौदाव्या टप्प्यापाशी मी रोमन अक्षरांत काहीतरी लिहून ठेवलंय, ‘देवाची जागा, इथे टेप लावू नये’, ते त्याला कुठल्याच शब्दकोशात सापडलं नाही. तिथे वापरणाऱ्याने नेमकं काय करायचं, असं त्याने विचारलं होतं.

मी आईंना वाचून दाखवलं. त्या सेजलला थोपटत होत्या.

“चपला काडून ये म्हनावं,” त्या म्हणाल्या. “बाकीचं आत ग्येला की कळतंय.”

सेजल हलायला लागली होती, म्हणून मी तेवढंच लिहून पाठवलं.